तीन बोटं जमीन

त्या वर्षी पाणी उतरता उतरेना. एरवी ज्या दिवसांत लव्हाळी बुडापासून सुकून वाऱ्यावर वाजायला लागायची, त्या दिवसांत ती अजून गुडघाभर पाण्यात मुकी उभी होती. ओलं कापलेलं लव्हाळं चटईला चालत नाही. विणताना त्याला कुजका वास येतो आणि महिन्याभरात चटई मधोमध उसवते. त्यातच घरच्या कर्त्याचा पाय फाटला. पाण्याखाली राहिलेला गेल्या वर्षीचा खुंट त्याच्या तळव्यात शिरला. आठ दिवस झाले, तो ओट्यावर पाय उशीवर ठेवून बसला होता आणि आपल्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसा बघत होता.

घरात माणसं तीन. हा, याची म्हातारी आई आणि बायको. बायकोला सगळे लांबडी म्हणत. ती खरोखरच लांब होती; घराच्या दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागे, आणि इतकी वर्षं वाकवून वाकवून ती आता उघड्यावरही जराशी वाकूनच चाले. घर दलदलीच्या मधोमध, खांबांवर. चारी बाजूंनी पाण्यात उभं राहिलेलं रान. झाडांचे बुंधे माणसाच्या उंचीपर्यंत चिखलाच्या रंगाचे आणि त्यावर हिरवे. जणू कुणीतरी सगळ्या रानाला एकदाच, एका पातळीत, रंगात बुडवून काढलं होतं.

पाणी आणि पाय यांचं दुखणं कमी होतं म्हणून की काय, रानखात्याचा माणूस होडीतून येऊन एक कागद वाचून गेला. नवा नकाशा होणार होता. नकाशात जी जागा कोरडी ठरेल तिथलं घर राहील. जी पाण्यात ठरेल ती रानाची. तिथल्या माणसांनी पुढच्या हंगामाच्या आत उंचवट्यावर जायचं.

“उंचवट्यावर लव्हाळी उगवतात का?” म्हातारीनं विचारलं. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती बोटांनी विणायची आणि कानांनी भांडायची.

“तिथं दगड उगवतात,” मुलगा म्हणाला.

“मग दगड विणू.”

नकाशा करणारे साहेब चार दिवसांनी आले. मध्यम वयाचे, चष्मा लावणारे, बोलताना समोरच्या माणसापेक्षा त्याच्या मागच्या झाडाकडे बघणारे. बरोबर एक नावाडी, तीन पायांची दुर्बीण, आणि लाल-पांढऱ्या आकड्यांची एक उंच काठी, जिच्या बुडाला लोखंडी चौकोनी टोपी बसवलेली होती. काठी धरायला माणूस हवा होता. दलदल ठाऊक असलेला, आणि पुष्कळ वेळ न हलता उभा राहू शकेल असा.

“या लांबडीलाच उभी करा साहेब,” नावाडी म्हणाला. “आकडे हिच्यावरच काढा. काठीचं ओझं वाचेल.”

साहेब हसले नाहीत. “बाई, येणार का?”

तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पायाकडे बघितलं. तेवढ्यात ठरलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मऊ जागी काठीखाली ठेवायला साहेबांकडे एक लोखंडी पाट होता. नावाड्यानं तो होडीतून चिखलावर ठेवला आणि काठी घ्यायला वळला. परत बघतो तो पाट नाही. एक बुडबुडा आला, जरा वेळानं दुसरा. नावाड्यानं खांद्यापर्यंत हात घालून बघितला, मग हात धुतला.

“गेला?” साहेबांनी लांबून विचारलं.

“गेला साहेब. खालच्यांनी ठेवून घेतला.”

साहेबांनी त्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, “बाई, आता सगळं तुमच्यावर आहे. काठी बुडू द्यायची नाही. केसभरही नाही. जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली.

त्यात न जमण्यासारखं काय होतं? दलदलीत जन्मलेलं पोरसुद्धा होडीचा बांबू उभा धरताना चिखलात टेकवत नाही. चिखल बांबू गिळतो आणि मग सोडत नाही. बांबू आपल्या पावलावर टेकवायचा. पाऊल कुठं टेकवायचं ते पावलाला कळतं. चिखलाच्या पोटात मुळांची जाळी असते, ती बोटांना लागते, आणि तिथं माणूस ठरतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. तिनं कपडे गुडघ्याच्या वर खोचले, पाण्यात उतरली, बोटांनी जाळी चाचपली, आणि काठी उजव्या पावलावर उभी केली. लोखंडी टोपी थंड होती. साहेबांनी लांबून दुर्बिणीला डोळा लावला, आकडा घेतला, वहीत लिहिला. दुर्बिणीतून काठीवरचे आकडे दिसतात. पाण्याखालचे पाय दिसत नाहीत.

असे आठ दिवस गेले. उंचवट्यावरच्या एका दगडावर छिन्नीनं खूण कोरलेली होती, तिथून निघायचं, आणि पलीकडच्या काठावर तसाच दुसरा दगड होता, तिथं पोचायचं. पहाटेचं धुकं पाण्यावर बसलेलं असे. होडी त्यातून जाताना मागं एक काळी वाट उघडे आणि पुन्हा मिटे. लांबडी पुढं जाऊन उभी राही, आणि धुक्यात तिला साहेब दिसत नसत, नावाडी दिसत नसे, फक्त आवाज येई, “डावीकडं जरा… बस.” मग धुकं विरळ होऊन आकडा दिसेपर्यंत बराच वेळ काहीच नाही. पाण्यातून चालणारे लांब पायांचे पक्षी तिच्याजवळून जात. एकदा एक बगळा तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला, एका पायावर, न हलता, आणि दोघं कितीतरी वेळ तसेच उभे होते. तिला वाटलं, यालाही कुणी लांबून मोजत असेल.

दुपारी धुकं गेल्यावर उन्हाचे कवडसे पाण्यावरून झाडांच्या अंगावर चढत आणि सगळं रान थरथरत राही. झाडं वर होती तेवढीच खाली होती. कुठली खरी हे उभ्या-उभ्या विसरायला होई. पाऊल दुखे, मग दुखायचं थांबे, मग पाऊल आपलं नाहीच असं वाटे. घरी तिला असं नुसतं उभं राहायला कधी मिळालं नव्हतं.

पाचव्या दिवशी मोजणी त्यांच्या घराजवळ पोचली. तिनं घराच्या पायरीपाशी काठी धरली. आकडा घेऊन झाल्यावर साहेब म्हणाले, “बघायचंय?”

ती दुर्बिणीपाशी आली आणि वाकून तिला डोळा लावला. तिचं घर उलटं लटकत होतं. खांब वर, छप्पर खाली, आणि ओट्यावर उलटा बसलेला नवरा, उलटा पाय उशीवर. तो काही पडत नव्हता. खाली नुसतं आभाळ होतं.

“यातून सगळं उलटंच दिसतं,” साहेब म्हणाले. “काच तशी आहे. सवय होते.”

“पडत नाही ना?”

“अजून तरी कुणी पडलेलं नाही,” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले.

नवऱ्याला तिनं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “बरंय. इतके दिवस मी सरळ बसून कंटाळलोय.”

पुढं पुढं साहेब कामानंतर त्यांच्या ओट्यावर थांबू लागले. एकदा त्यांनी पत्र्याच्या नळीतून एक जुना नकाशा काढून चटईवर पसरला. चाळीस वर्षांपूर्वीचा. हातानं काढलेला. कडेकडेनं उंचवटे बारीक केसासारख्या रेघांनी दाखवलेले, एकेक झाड सुईच्या टोकाएवढं, आणि मधली सगळी दलदल निळी. त्या निळ्यात काही नव्हतं. घर नव्हतं.

“हे माझ्या गुरुजींनी काढलंय,” साहेब म्हणाले. “मी त्यांच्या हाताखाली शिकलो. रात्रंदिवस उभं राहून त्यांचे गुडघे गेले. त्यांचा आकडा कधी चुकला नाही. आता ते नाहीत.”

म्हातारी कागदाच्या दिशेनं तोंड करून बसली होती. “काळी टोपी घालायचे?”

साहेब चमकले. “तुम्ही बघितलंय त्यांना?”

“तेव्हा दिसायचं ना मला. मी नवी आले होते. घराखालून होडी जायची तेव्हा. दर वर्षी मुळांचे गड्डे आणि गाळ घालून घालून आम्ही ही जागा वर आणली. तुमच्या टोपीवाल्यांना मी पाणी दिलं होतं. म्हणाले, पोरी, कशाला चिखलात राहता. मी म्हटलं, तुम्ही कशाला येता?”

साहेबांनी नकाशा गुंडाळला, पण हातात धरून बसले.

आठव्या दिवशी ते पलीकडच्या दगडापाशी पोचले. दगड कठीण, म्हणून तिथं तिनं काठी सरळ दगडावर टेकवली. साहेबांनी आकडा घेतला, होडीत बसून बेरजा-वजाबाक्या केल्या, पुन्हा केल्या. मग वही मिटली. “मिळालं. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत, कुठं काही सांडलं नाही. बाई, इतकी स्थिर काठी मी बघितली नव्हती.”

नावाडी म्हणाला, “लांबडे, आता तुला मोजणीखात्यात घेतील. आम्ही तुला सलाम करू.”

“आत्तापासून कर,” ती म्हणाली. “सवय होईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब त्यांच्या ओट्यावर बसून कच्च्या नकाशात रंग भरत होते. कोरड्याला हिरवट, पाण्याला निळा. ब्रश घराजवळ आला आणि थांबला. त्यांनी वही काढून दोनदा बघितली. मग निळा ब्रश धुतला आणि हिरवट उचलला.

“तुमचं घर कोरड्यात आहे,” ते म्हणाले. “पाण्याच्या रेघेपेक्षा जेमतेम तीन बोटं वर. घर राहिलं.”

नवरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभा राहिला आणि लगेच कळवळून खाली बसला. म्हातारीच्या हातातलं लव्हाळं तिच्या बोटांत तसंच राहिलं. लांबडीनं काय करावं ते न सुचून साहेबांपुढचं पाण्याचं भांडं उचललं आणि भरलेलंच पुन्हा भरून आणलं.

फक्त साहेबांचा चेहरा फुलला नव्हता. “सगळी दलदलच गुरुजींच्या आकड्यांपेक्षा तीन बोटं वर निघतेय,” ते कागदाला सांगावं तसं म्हणाले. “तुम्ही गाळ घातलात तो घराखाली. रानात कुणी घातला? म्हणजे त्यांचीच चूक. मला वर तसं लिहावं लागेल.” त्यांनी घराच्या जागी एक काळा ठिपका काढला, फुंकर घालून वाळवला, आणि होडीत बसून आपल्या तंबूकडे गेले. सकाळी ते निघणार होते.

उन्हं कलली तेव्हा म्हातारी म्हणाली, “ये गं, तुझे पाय चोळून देते. आठ दिवस पाण्यात होतीस.” लांबडी संकोचली, पण बसली. सासूनं तेल घेतलं आणि डाव्या पायापासून सुरुवात केली. मग उजवा. पावलाच्या वरच्या बाजूला तिची बोटं थांबली, मागं गेली, पुन्हा पुढं आली. चटईची वीण चुकली की ती अशीच थांबायची.

“हे चौकोनी काय उमटलंय?”

लांबडीनं बघितलं. पावलावर एक चौकोन होता, काळानिळा, कोपरे नीट. “काठीची टोपी,” ती म्हणाली. “काठी बुडू द्यायची नव्हती ना.”

“मग पावलावरच धरणार. नाहीतर कुठं?” म्हातारी म्हणाली आणि चोळू लागली.

लांबडी आपल्या पावलाकडे बघत राहिली. तिनं हाताची बोटं आडवी करून पावलाच्या कडेला, तळव्यापासून चौकोनापर्यंत लावली. एक, दोन, तीन.

तिनं बोटं उचलून पुन्हा एकदा लावली. तीनच.

“दोन्ही दगडांवर मी काठी सरळ दगडावर टेकवली,” ती हळू म्हणाली. “चिखलात पायावर. सगळीकडे पायावर.”

नवऱ्याला उशिरा उमगलं. चिखलातली प्रत्येक उंची तिच्या पावलाएवढी जास्त मोजली गेली होती. तो म्हणाला, “तुला कुणी विचारलं?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“त्या टोपीवाल्यांची चूक झाली म्हणून लिहिणारेत. त्यांची चूक नव्हती.”

“ते गेले. त्यांना काय होतंय? आपल्याला उंचवट्यावर जायचंय. माझा हा पाय घेऊन. आईला घेऊन. तिथं तू काय करशील, उभी राहशील?”

“अहो, ते माझ्याकडं बघून म्हणाले, इतकी स्थिर काठी बघितली नाही.”

“मग स्थिर राहा,” नवरा म्हणाला.

म्हातारीनं तेलाची वाटी बाजूला सारली. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. एवढंच म्हणाली, “तांब्या भरून दिला होता मी त्यांना. सगळा प्यायले.”

सकाळी लांबडी विणायला बसली आणि चार ओळींत दोनदा चुकली. तिनं हातातलं लव्हाळं खाली ठेवलं. नवरा बघत होता. ती होडी सोडायला उतरली तेव्हा तो म्हणाला, “बांबू नीट धर,” आणि तोंड फिरवलं. त्याच्या आवाजात राग होता, पण त्यानं तिला थांबवलंही नाही.

तंबू निम्मा उतरवलेला होता. साहेब खोक्यावर बसून पत्र लिहीत होते. तिनं आपलं पाऊल पुढं केलं.

साहेबांनी चष्मा वर केला. चौकोन बघितला. शेजारी आडवी ठेवलेली काठी बघितली, तिची टोपी बघितली. मग त्यांनी सावकाश लेखणीला टोपण लावलं.

“सगळीकडे?”

“चिखलात सगळीकडे. तुम्ही म्हणालात, बुडू द्यायची नाही.”

“म्हणालो,” साहेब म्हणाले.

नावाडी तंबूची दोरी हातात धरून तसाच उभा होता.

ते पुन्हा घरापाशी आले. काठी या वेळी नुसत्या चिखलावर धरायची होती. लांबडीनं ती टेकवली. काठी एक बोट गेली, दोन गेली, वीतभर गेली. साहेब आकडा वाचत, खोडत, पुन्हा वाचत. मग घरातली एक फळी खाली ठेवून बघितली. फळी ठरल्यासारखी वाटे, आणि आकडा लिहिला की जरा आणखी खाली जाई, झोपेत माणूस कुशीवर वळतो तशी. ओट्यावरून नवरा बघत होता. म्हातारी विचारत होती, “किती झालं? किती झालं?”

शेवटी साहेबांनी दुर्बीण सोडली. बूट काढले, मोजे काढले, ते घडी करून बुटात ठेवले. त्यांची पावलं पांढरी होती, कागदासारखी. ते पाण्यात उतरले, तोल गेला, लांबडीनं दंडाला धरलं.

“बोटांनी बघा,” ती म्हणाली. “टाचेनं नाही. बोटांना जाळी लागेल.”

ते शोधत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलला. “हे काय?”

“मुळं.”

“यावर उभं राहता?”

“यावरच सगळं उभंय.”

साहेब तिथं बराच वेळ उभे राहिले, पाण्यात, आभाळावर. वाऱ्याची एक झुळूक लव्हाळ्यांतून गेली आणि त्यांच्या सावलीचे तुकडे झाले, पुन्हा जुळले.

वर आल्यावर ते ओट्यावर ओल्या पायांनीच बसले. “लिहिलेला आकडा मी बदलत नाही,” ते म्हणाले. “जे दिसलं ते लिहिलंय. पण काठी कशावर होती, तेही लिहिलं पाहिजे. नकाशाच्या खाली एक ओळ असेल. दलदलीतल्या उंचीतून तीन बोटं वजा करून वाचावं.”

“म्हणजे घर?” नवऱ्यानं विचारलं.

“ठिपका राहील. वाचणाऱ्यानं वजाबाकी केली, तर पाण्यात जाईल.”

“आणि नाही केली तर?”

साहेबांनी खिशातून गुरुजींच्या चुकीबद्दलचं ते अर्धवट पत्र काढलं, त्याच्या बारीक चिंध्या केल्या आणि त्या पाण्यात न टाकता परत खिशात घातल्या. जाताना म्हातारीसमोर थांबले. “आजी, थोडं पाणी मिळेल?”

तिनं तांब्या भरून दिला. ते सगळा प्यायले.

तीन हंगाम गेले. नवऱ्याचा पाय बरा झाला, पण थंडीत लंगडतो. पाणी कधी लवकर उतरलं, कधी उशिरा. लांबडीच्या पावलावरचा चौकोन कधीच नाहीसा झाला होता. तरी होडी बांधताना ती अधूनमधून त्या जागी बोटं आडवी लावून बघे. पाण्यातून कुणाच्या वल्ह्याचा आवाज आला की तिचे विणणारे हात मंद होत.

चौथ्या हंगामात रानखात्याचा नवा शिपाई आला. तरणा, घाईत असलेला, मानेवर डास मारत. त्यानं होडीत उभं राहूनच छापील नकाशा उलगडला. नकाशा फार देखणा होता. निळा होता, हिरवट होता, आणि दोहोंच्या मध्ये, अगदी काठावर, एक काळा ठिपका. शिपायानं ठिपक्यावर बोट ठेवलं, घराकडे बघितलं, पुन्हा बोटाकडे.

“घर आहे,” तो म्हणाला.

“आहे,” नवरा म्हणाला.

लांबडी पायरीवर उभी होती. नकाशाच्या तळाशी, चौकटीच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची एक ओळ तिला दिसत होती. तिला वाचता येत नव्हतं. साहेबांनी लिहिलं होतं तर. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात गप्प राहा असं स्पष्ट होतं. ती गप्प राहिली. शिपाई नकाशा गुंडाळू लागला, आणि मग तिच्यानं राहवेना.

“खाली काय लिहिलंय ते?”

“कुठं?” शिपायानं तो अर्धा उलगडून बघितला. “हे होय? हे असतंच सगळ्यांवर. छापखान्याचं काहीतरी.” त्यानं नकाशा गुंडाळून नळीत घातला आणि वल्हं उचललं.

होडी लव्हाळ्यांत दिसेनाशी झाल्यावरही पाणी बराच वेळ हलत राहिलं. आतून म्हातारीनं विचारलं, “काय म्हणाला गं तो?”

“घर आहे म्हणाला.”

“एवढं सांगायला एवढ्या लांब आला?”

लांबडीनं होडीचा बांबू घेतला. कापणी राहिली होती. ती पाण्यात उतरली, पावलाच्या बोटांनी जाळी चाचपली, आणि बांबू आपल्या उजव्या पावलावर उभा करून, नवरा विळे घेऊन येईपर्यंत, तशीच थांबली.